मागे राहिलेली पोर

ये गं, जवळ बस. महिनाभर फिरकली नाहीस! ऐक. शिरपूरला आम्हा प्राथमिक शिक्षकांचं संगीताचं प्रशिक्षण होतं. सातपुड्याकडच्या शाळेतली एक बाई माझ्या शेजारी बसायची. गाणं संपलं तरी पेटीचा भाता हलवतच राहायची.

शिकवणारे साहेब चिडले, "बाई, संपलं की!"

"एक पोर मागे शे, साहेब," ती तिकडच्या अहिराणीत म्हणाली, म्हणजे मागे आहे. "माझ्या वर्गातली. तापात गेली, गाणं अर्धंच राहिलं तिचं. होऊ द्या."

 शेवटच्या दिवशी तिनं पेटी माझ्यापुढे सरकवली. गाणं थांबलं, तरी मी भाता हलवत राहिले. मागच्या रिकाम्या बाकावरून बारीक आवाजात शेवटची ओळ आली.

"झालं तिचं," म्हणत बाईंनी डोळे पुसले.

तेव्हापासून एकटीनं पेटी काढायला मी धजत नाही. पुन्हा लवकर ये गं.