परजेवरची फुलं

उदगिरात आमचं घर शिकलगारांचं. दसरा जवळ आला की गावोगावच्या पूजेच्या तलवारी धारेला आमच्याकडं यायच्या. पातं लखलखीत करायचं, पण परजेवरचं, म्हणजे मुठीशी हात राखणाऱ्या लोखंडी पट्टीवरचं हळदकुंकू खरवडायचं नाही, हा अब्बांचा दंडक. ते त्या घरचं असतं.

भूकंपाला काही वर्षं झाली होती. लातुरात क्लासेसचं पेव फुटलेलं. तेव्हा औशाकडची एक बाई नुसती परज घेऊन आमच्याकडं आली.

भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी तिचा नवरा भांडून, तलवार घेऊन, "उदगीरला चाललो" म्हणून निघाला होता. तो गेल्यावर तीही रागानं माहेरी गेली, म्हणून वाचली. आमच्याकडं तो पोचलाच नाही. गावात मेलेल्यांतही कुणी त्याला पाहिला नाही. पण तेव्हा कोण कुणाला ओळखून जाळत होतं? मग एकानं उठवलं, लातुरात कुठल्याशा क्लासच्या गेटवर वॉचमन आहे. असल्यांच्या जिभेला हाड नसतं! बिचारी गेटागेटानं हिंडत राहिली. आणि आता जुन्या गावात दगड काढताना, तिच्याच घराच्या जागी ही परज निघाली होती.

"ही आमची न्हाईच चाचा," ती बसायच्या आधीच म्हणाली. "शेजारच्यांची आसंल. भिंतीला भिंत होती. तुम्ही फकस्त बघून सांगा."

अब्बांनी रॉकेलच्या फडक्यानं परज पुसली. गंजाखालून चांदीच्या तारेची बारीक फुलं वर आली.

"काम हैदराबादी. लई जुनं. पणज्याच्या वक्ताचं."

"बघा! आमच्या परजेला फुलं न्हवतीच. काळी कुळकुळीत होती." ती चक्क हसली.

मी मनात म्हटलं, अब्बा, खुदा के वास्ते, आता गप बसा. पण अब्बांना खोटं कधी जमलंच नाही.

"पूजा कोण करायचं, बेटी?"

"मीच की. माझ्याआधी सासू."

"आन पुसायचं कोण?"

"पूजेचं कोण पुसतंय चाचा? तेल, हळद, कुंकू, दर दसऱ्याला वरच्यावर..."

ती थांबली. अब्बांनी मान खाली घातली.

तिनं परज उचलून मांडीवर घेतली. एकेका फुलावरून बोट फिरवलं.

"रात्रीतून परत आले होते की हो," ती म्हणाली.