भिंग आणि लेकीचं कार्ड

माझी धाकटी बहीण चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. पुढे दुकान आणि मागे कारखाना. कारखाना म्हणजे काय, तर एक खिडकी, एक यंत्र आणि एक स्टूल. गिऱ्हाइकाने फ्रेम पसंत केली की काचेची कड त्या मापाची घासून नेमकी आत बसवायची, हेच तिने जन्मभर केलं. लहानपणापासून कुठलीही वस्तू नाकाजवळ नेऊन बघायची तिला खोड, म्हणून मी तिला भिंग म्हणायचे. ते नाव असं चिकटलं की दुकानदारही तिला भिंगबाईच म्हणायचा.

मी शाळेची बस चालवते. पोरांवर ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय की घरात साधं बोलले तरी शेजारचे खिडकी उघडून बघतात. आणि माझ्या तोंडात पहिला शब्द ‘नाही’. भिंगचं अगदी उलट. ती आधी सगळं ऐकून घेणार, हातातली काच पुसणार, आणि मग काय ते बोलणार. लेक पाळण्यात असताना तिचा नवरा गेला. माझ्या गळ्यात पडून पोटभर रडली, मग तोंड धुतलं आणि म्हणाली, ‘लोकांचे चष्मे खोळंबलेत गं.’ गेलीसुद्धा कामावर.

त्या लेकीला आम्ही खार म्हणतो. बटणं, पेन्सिलींचे तुकडे, रिकाम्या डब्या, मिळेल ते साठवून ठेवते. आता पंधराची झाली, पण दप्तराचे कप्पे अजून फुगलेले असतात.

भिंग आजारी पडली तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार काही करता येणार नाही. मी त्यांच्यावरच भडकले. हे काय बोलणं झालं, म्हटलं. भिंग पडद्याआडून बाहेर आली आणि माझा दंड धरून मला बाहेर घेऊन गेली. ‘त्यांना कशाला झापतेस ताई? मला माहीत होतं.’ घरी पोचेपर्यंत तिने एवढंच बजावलं की खारला सांगायचं नाही, तिची परीक्षा होऊ दे.

त्यानंतर तिच्या डोक्यात कार्ड शिरलं. ‘मी पडून असले तर दुकानात कोण जाणार? औषधं कोण आणणार? पोरीच्या हातात कार्ड हवं. चुकली तर चुकू दे, पण माझ्यासमोर चुकू दे.’

मी म्हटलं, ‘नाही. एवढ्याशा पोरीला कार्ड कसलं?’

‘बरं,’ ती म्हणाली. ‘उद्या बस मोकळी झाली की आम्हाला बँकेत सोड.’

बँकेत काउंटरवर एक तरुण बाई होती, फार नीट बोलायची. अठराच्या आतल्या मुलांसाठी तीन प्रकार असतात, म्हणाली. पहिल्यात कार्डात आधी पैसे भरून ठेवायचे. भरलेले संपले की कार्ड गप्प. दुसऱ्यात मुलीचं स्वतःचं खातं आणि तिच्या नावाचं कार्ड, पण वर पालक म्हणून मोठं माणूस हवं. प्रत्येक खर्चाचा मेसेज पालकाच्या फोनवर जातो, आणि ठरवलेल्या मर्यादेपेक्षा मोठा खर्च असला तर पालकाला विचारणा येते, मंजूर की नामंजूर. तिसऱ्यात आईच्याच खात्यावर मुलीला एक जोडकार्ड मिळतं.

‘तिसरं द्या,’ भिंग लगेच म्हणाली. ‘माझं खातं ते तिचंच. एका सहीत काम होईल.’ तिला आता सहीचाही कंटाळा येत होता. पेन फार वेळ धरवत नव्हतं.

काउंटरवालीने कागद पुढे सरकवला. तेवढ्यात खार पुढे झाली. तोवर ती आमच्यामागे उभी राहून दप्तराचा पट्टा ओढत होती.

‘आई नसली तर हे कार्ड चालतं का?’

मी वळून तिच्याकडे बघितलं. काउंटरवालीने आधी भिंगकडे बघितलं, भिंगच्या गळपटलेल्या खांद्यांकडे बघितलं, आणि मग हळू सांगितलं, ‘नाही. खातेदार गेली की तिच्या खात्यावरचं सगळं थांबतं.’

‘मग दुसरं घेऊ या,’ खार म्हणाली. ‘माझं स्वतःचं.’

‘तुला कुणी सांगितलं?’ भिंगने विचारलं.

‘कुणी नाही. तू माझे हिवाळ्याचे कपडे पुढच्या वर्षीच्या मापाचे आणलेस. त्याच्या पुढच्या वर्षीचेही आणलेस.’

तिथे, बँकेत, लोकांची रांग मागे असताना भिंग लेकीला कुशीत घेऊन रडली. मी रांगेकडे तोंड करून उभी राहिले. एक माणूस घड्याळ बघायला लागला, त्याच्याकडे मी असं बघितलं की तो दुसऱ्या खिडकीवर गेला.

डोळे पुसून भिंगने दुसरा कागद ओढला. पालकाचं नाव काय, काउंटरवालीने विचारलं. आई आहे तोवर आईचं घालता येईल, म्हणाली, पण नंतर बदलावं लागेल.

‘आत्ताच बदललेलं घाला. ही माझी ताई.’ माझ्याकडे न बघता तिने सांगून टाकलं. त्यासाठी पुढे वकिलाकडे हेलपाटे घालावे लागले, बँकेने अजून दहा कागद मागितले, पण त्या दिवशी ठरलं ते ठरलंच.

बसमध्ये बसल्यावर मी तडकले. ‘मला विचारलंस?’

‘तू आधी नाही म्हणाली असतीस आणि मग हो म्हणाली असतीस. मला तेवढा वेळ नाही ताई.’

मी गाडी सुरू केली. थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘एकच कर. तिला नाही म्हणायच्या आधी कारण विचारत जा.’

‘बघू,’ मी म्हटलं.

कार्ड आलं. खार दुकानात जायला लागली आणि मेसेज माझ्या फोनवर यायला लागले. बस लावून झाली की मी भिंगच्या उशाशी बसायचे आणि तिला एकेक वाचून दाखवायचे. पाव आणि दूध. औषधाचं दुकान. वह्या. एकदा नुसतीच रिबीन. ‘रिबीन कशाला हवी होती?’ मी करवादायचे, आणि भिंग डोळे मिटून हसायची. लेक कुठल्या रस्त्याने गेली, कुठे थांबली, हे तिला त्या मेसेजांवरून कळायचं. ‘आज लांबच्या दुकानात गेली. तिथे साबण स्वस्त असतो. बरोबर केलं.’ माझ्या बहिणीच्या तोंडावर समाधान दिसायचं ते तेवढ्या वेळातच, म्हणून मी मेसेज सावकाश वाचायचे.

सावकाश वाचायला दुसरंही कारण होतं. मला जवळचं नीट दिसत नाही. फोन हात ताणून धरावा लागतो. भिंगने किती वर्षं माझ्यामागे धोशा लावला होता चष्म्याचा, आणि मी म्हणायचे, नाही, मला रस्ता दिसतो, तेवढं पुरे. ‘हात अजून लांब कर,’ ती अंथरुणातून चिडवायची. ‘कमी पडतोय. उद्यापासून खारला पलीकडच्या भिंतीशी फोन धरून उभी करू.’

मग एका दुपारी तिने तिच्या चष्म्याच्या दुकानात न्यायचा हट्ट धरला. मी म्हटलं, नाही, जिना उतरवत नाही तुला. शेवटी नेलंच. बसच्या पहिल्या बाकावर उशा लावून नेलं. मला बाहेर थांबायला सांगून ती दुकानदाराच्या आधाराने मागे गेली. बराच वेळ यंत्राचा आवाज येत होता. सगळ्यांचा निरोप घेतला, म्हणाली बाहेर आल्यावर. बोटांना पांढरी भुकटी लागलेली होती. मी ओल्या फडक्याने पुसून काढली आणि इतकं दमवून घेतल्याबद्दल तिला बोलले.

त्या महिन्यातच ती गेली. लोक आले, बसले, गेले. खार माझ्या घरी राहायला आली, तिच्या डब्यांसकट. पोरगी नीट जेवायची, अभ्यास करायची, विचारलं तेवढं बोलायची. मला वाटायचं, हिने रडावं, काहीतरी फोडावं, माझ्याशी भांडावं तरी. रात्री तिच्या खोलीचं दार बंद असायचं आणि मी बाहेर उभी राहून परत यायचे. मला जमणार नाही हे, असं रोज वाटायचं.

पुढच्या आठवड्यात मी कामावर गेले. शाळेच्या फाटकाबाहेर बस लावून पोरं सुटायची वाट बघत होते, तेव्हा फोन वाजला. मेसेज नव्हता, विचारणा होती. मर्यादेपेक्षा मोठा खर्च. हात ताणून बघितलं तर दुकानाचं नाव ओळखीचं. भिंगचं दुकान. माझं डोकंच फिरलं. आईला जाऊन किती दिवस झाले, आणि ही चष्म्याच्या दुकानात चैन करतेय? हिचे डोळे तर ठणठणीत आहेत. खाली दोन चौकोन होते, एक हिरवा, एक लाल. माझा अंगठा लाल चौकोनावर गेलाच होता.

मग मी फोन लावला. ‘कशाला हवंय?’

‘मावशी, घरी आल्यावर सांगितलं तर चालेल?’

कारण विचार, भिंग म्हणाली होती. कारण मिळालं नाही तर काय करायचं, ते काही सांगून गेली नव्हती. आवाज मात्र पोरीचा कापत होता. मी हिरवा चौकोन दाबला आणि स्वतःवरच चरफडत बसले.

घरी आले तर टेबलावर चष्म्याची पेटी. खार बाजूला उभी.

‘हा तुझा,’ ती म्हणाली. ‘काचा आईने घासून ठेवल्यात. त्या दिवशी दुकानात गेली होती ना, तेव्हा. फ्रेमही ठरवून ठेवली होती, फक्त रंग मी निवडायचा आणि पैसे माझ्या कार्डाने द्यायचे, असं म्हणाली होती.’

‘नंबर कुठून कळला तिला?’

‘तू फोन किती लांब धरतेस त्यावरून. अंदाजच आहे, म्हणाली. चुकला तर दुकानदार बदलून देतील.’ मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला. ‘मावशीला आता तुझे मेसेज एकटीने वाचायचेत, म्हणाली. तिला नीट दिसलं पाहिजे.’

आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा पोरगी रडली. मी तिला ओढून घेतलं. दोघी तशाच जमिनीवर बसलो. माझा आवाज शेजारी गेला असेल तर गेला असेल.

बऱ्याच वेळाने मी चष्मा घातला. उजव्या डोळ्याला किंचित कमी पडतो. अजून तसाच आहे, मी बदलून घेणार नाही. फोन काढला आणि हात न ताणता चष्म्याच्या खर्चाचा आलेला मेसेज वाचला. वर खारचं नाव होतं. खाली, इतके दिवस मला नुसती बारीक रेघ वाटायची, तिथे ‘पालक’ लिहिलेलं होतं आणि पुढे माझं नाव.