ओल्या मेंढीचं मतदान

क्लॅरी डनस्टनने साठ वर्षं मेंढ्या कातरल्या. आता तो शनिवारी अकरा वाजता फक्त एक कातरतो, आगबोटीतून टॅलरा बेंडला उतरणाऱ्या पाहुण्यांसमोर. चहा आणि गरम स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, माझ्याकडे. शेड त्याच्या भावजयीची, नोएलीनची.

त्या शनिवारी क्लॅरीने मेंढीच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाला, "ओली आहे."

महिनाभर पाऊस नव्हता. पण ओली मेंढी कातरायची नसते, आणि ती ओली की कोरडी, हे कातरणारेच गुप्त मतदानाने ठरवतात. मालकाने मध्ये बोलायचं नसतं. नोएलीनने मतपेटी म्हणून तंबाखूचा डबा पुढे केला. क्लॅरीने पाठ वळवून चिठ्ठी लिहिली आणि आत टाकली.

"ओली एक, कोरडी शून्य," नोएलीनने वाचलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

सकाळी शेजारधर्म म्हणून क्लॅरीच्या पायांत मोजे मी चढवले होते. त्याची कंबर वाकत नव्हती. हे नोएलीनला कळलं तर शेडमधून आपण जाणार आणि आपल्या जागी भिंतीवर कातरणीची चित्रफीत येणार, अशी त्याची खात्री होती. गेल्या शनिवारीही मेंढी ओलीच निघाली होती.

"माझं मत राहिलं," नोएलीन म्हणाली.

"तू मालकीण. तुला मत नाही."

"त्र्याऐंशी साली तुझ्या भावाचा हात मोडला, तेव्हा चारशे मेंढ्या कोणी कातरल्या?"

"तीनशे नव्वद. त्याही वेड्यावाकड्या."

"म्हणजे कातरल्या."

क्लॅरी नियमाबाहेर कधी गेला नव्हता. त्याने डबा तिच्यापुढे धरला.

ओली एक, कोरडी एक.

"आता?" एका पाहुण्याने विचारलं.

"जिला कोरडी वाटते तिने कातरायची," नोएलीनने उभ्या उभ्या नियम केला. मेंढी ढुंगणावर बसवली आणि यंत्र सुरू केलं.

तिला अकरा मिनिटं लागली. क्लॅरी खुर्चीवर बसून पाहुण्यांना समजावत होता. "पोट आधी असतं. ते राहिलंच. आता मान. मान अशी धरत नाहीत. नीट बघून ठेवा, असं कधी करू नका." पाहुणे इतके हसले, की माझे स्कोन गार झाले.

ते बोटीकडे गेले, तरी क्लॅरी बसूनच होता. नोएलीनने त्याच्या काखेत हात घातला.

"कधीपासून?"

"काय?"

"कंबर."

"ईस्टरपासून."

तिने त्याला उभं केलं. "पुढच्या शनिवारी पावणेअकराला ये. चुका काढायला माणूस लागेल."

"पोटापासून सुरुवात करणार असशील तर येईन," क्लॅरी म्हणाला.