पकडीवाल्याला ठेवायचं की काढायचं

आमच्या घाटकोपरच्या मंडळाच्या कबड्डी संघात हा पकडीवाला फक्त धाकासाठी आहे. समोरच्याने आमच्या खेळाडूला कोपर मारलं की पुढच्या चढाईत हा त्याला आडवा करतो. मग स्वतःच उठवतो, त्याच्या गुडघ्यांची माती झटकतो आणि विचारतो, "लागलं का रे? घरी हळद आहे ना?" पोरं त्या हळदीलाच जास्त घाबरतात. मंडळ त्याला पगार देतं माझ्यापेक्षा कमी, आणि मी तर तिथे नुसता चहा करते.

परवा त्याला पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, यावर बैठक झाली. प्रशिक्षक म्हणाले, "त्याला धावता येत नाही. वाट लावतो आपली."

कॅप्टन म्हणाला, "सर, तो नसला तर आमचे हातपाय कोण सांभाळणार?"

मतं निम्मी निम्मी पडली. अशा वेळी आमच्याकडे गणपतीच्या तसबिरीपुढे दोन चिठ्ठ्या टाकतात, एक "ठेवा" लिहिलेली आणि एक "काढा" लिहिलेली, आणि त्यातली एक उचलतात. प्रशिक्षक लिहायला बसले. तेवढ्यात माझ्या हातातला चहाचा ट्रे घेऊन पकडीवाला आत गेला आणि त्यांच्या मानेजवळ वाकला.

"सर, लिहा निवांत. साखर किती घालू?"

चिठ्ठी मला उचलायला लावली. मोठ्याने वाचायची मला लाज वाटली, म्हणून कॅप्टनने वाचली. "ठेवा." पकडीवाला सगळ्यांच्या पाया पडून गेला.

केर काढताना मी दुसरी चिठ्ठी उघडली. तिच्यावरही "ठेवा"च होतं, फक्त अक्षर जरा जास्त थरथरलेलं.