बोंडअळीचं गुलाबी लुगडं

“ज्यानं देल्लं, त्याले आधी हासाचं.” दंडारीत कुणी बिदागी दिली की मास्तर ती कपाळाला लावत आणि त्याच माणसाची खोड काढायला उभे राहत. तुम्ही आमच्याकडचा हा नाच-गाण्याचा खेळ पाहिला असेल, तर ठाऊक असेल : टिंगल झाली नाही तर देणाराच रुसतो.

मास्तर अमडापूरच्या बाजारातले शिंपी. जुम्म्याच्या नमाजाला दुकान बंद ठेवणारे, आणि दंडारीत गौळण म्हणायला सर्वांत पुढे.

लोककलेच्या सरकारी अनुदानासाठी त्यांनी अर्ज केला, तेव्हा मी भडकलो. मी चळवळीची पत्रकं वाचून वाढलेलो. म्हटलं, “मास्तर, सरकारचे मिंधे होता?”

“काऊन बे? सरकार काय साहेबाच्या बापाचं हाय? माचिस घेतली तरी आपुन टॅक्स देतो. त्याच्यावर आपल्या बोलीचा हक नाही का?”

अनुदान आलं तर ढोलकीवाला गावात राहणार होता. नाहीतर कामासाठी सुरतेला जायचं त्यानं ठरवलं होतं.

गुलाबी बोंडअळीनं कपाशी पोखरली, ते हे वर्ष. अनुदानाच्या तपासणीला आलेले साहेब पुढच्या खुर्चीत बसले. मास्तर गुलाबी लुगडं नेसून, बोंडअळी होऊन, लाजत त्यांच्यापुढे आले.

“भाऊजी, बियाण्याच्या पाकिटावर लिवलं व्हतं म्हणे, अळी येनार नाही. मले वाचता येत नाही, म्हणून आली. आता माहा पंचनामा कवा करता?”

साहेबही हसले. खेळानंतर मात्र म्हणाले, “कला अस्सल आहे. तेवढी अळी काढा, भाषा जरा शुद्ध करा. मी शिफारस करतो.”

बोलीसाठी पैसा, आणि अट काय, तर बोली सोडा!

मास्तरांनी ढोलकीवाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “माह्याकडं नका पाहू मास्तर. बोला.”

“साहेब, अळी आमच्या पऱ्हाटीत वाढली. पुन्याहून आली असती, तं शुद्ध बोलली असती.”

अनुदान आलं नाही. मास्तरांनी आणि मी ढोलकीवाल्याला मलकापूरला सुरतेच्या गाडीत बसवून दिलं.

आता मास्तर नाहीत. मला आठवते ती पुढच्या वर्षीची दंडार. ढोलकीची जागा मोकळी, आणि अख्खं गाव टाळ्यांनी ठेका धरतंय. मधेच पदर खोचून मास्तर गाणं थांबवतात.

“ठेका पडून राह्यला ना बे. पुन्हा धरा.”

गाव पुन्हा धरतं.