आत्याचा रॅक आणि वरच्या फळीवरच्या बरण्या

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. एक सांगितला की दुसरा आपसूक त्याच्या डोक्यावर येऊन बसतो आणि बघता बघता ढीग छताला लागतो. बुऱ्हाणपूरच्या आमच्या आत्याचा रॅकही असाच वाढला. मी तिची भाची, पलीकडच्या गल्लीत राहते. रॅकचं काही निघालं की स्टूल धरायला पहिला फोन मला!

*

आतोबा पेपर मिलमधून रिटायर झाले, शहरात राहायला आले आणि स्वयंपाकघरासाठी नटबोल्टचा लोखंडी रॅक घेऊन आले. कमरेएवढाच होता. दुकानदार भोळेपणानं म्हणाला, "पुढे लागलं तर वर खांब जोडून वाढवता येतो, काकू."

हे त्यानं आत्यासमोर बोलायला नको होतं.

आधी डाळींच्या डब्यांसाठी एक मजला चढला. मग पापड-कुरडयांसाठी. मग "आता एवढं केलंच आहे तर" म्हणून आणखी एक. आज तो रॅक पुरता बघायचा तर मान मागं टाकावी लागते. फोपनारहून आलेल्या एका पाहुण्यांनी स्वयंपाकघराच्या दारातूनच त्याला हात जोडले. त्यांना वाटलं, देवघर आहे. खरं सांगू, त्याच्यासमोर उभं राहिलं की मलाही मोठ्यानं बोलवत नाही.

*

वरचे खांब जोडताना आतोबांनी ते खालच्या खांबांवर नुसते उभे केले आणि तार गुंडाळली. रॅक डुलायला लागला. म्हणून शेजारच्या दामूभाऊंना बोलावलं. त्यांची बहादरपूरला केळीची बाग आहे. भाऊंनी रॅक खालून वर बघितला, सुतळी मागितली आणि शेजारच्या कपाटाला तो करकचून बांधून टाकला.

"घडाचं वजन आलं की केळीले आम्ही असंच बांधतो, ताई. एक झाड दुसऱ्याले धरून राहते."

आत्यानं विचारलं, "आणि वारं सुटलं की?"

भाऊंनी जरा विचार केला. "मग पूरी लाइन झोपते."

त्याच दुपारी सुतळी सुटली. आतोबा दुकानातून जोडपट्ट्या घेऊन आले आणि प्रत्येक सांध्याला नीट बोल्ट बसले.

*

सगळ्यात वरची फळी लोणच्याची. चिनी मातीच्या जाडजूड बरण्या, तोंडाला पांढरं फडकं बांधलेल्या. जड वस्तू खाली ठेवावी, हे शेंबडं पोरही सांगेल. पण आत्याचं शास्त्र निराळं. लोणच्याला कुणाचाही हात लागला की ते नासतं, म्हणून त्याची जागा सगळ्यांच्या हाताच्या वर. काढायचं ते फक्त तिनं, अंघोळ करून, कोरड्या चमच्यानं.

एकदा जावईबापू हौसेनं स्टुलावर चढले आणि त्यांनी बरणीत ओला चमचा घातला. जावयाला काय बोलणार! आत्यानं मागच्या अंगणात खड्डा केला आणि बरणीभर लोणचं पुरून टाकलं. तेव्हापासून जावईबापू त्या घरात पाणीसुद्धा विचारून पितात.

*

मिक्सर त्याच रॅकच्या मधल्या फळीवर. तो सुरू झाला की वरच्या बरण्या एकमेकींवर किणकिणायच्या. आत्या कौतुकानं म्हणायची, "बोलून राहिल्या."

तिची एकुलती एक मुलगी उज्ज्वला पुण्याला असते. एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना आत्यानं चटणी फिरवली आणि उज्ज्वलानं ते बघितलं.

"आई, रॅक हलतोय."

"हलतो. पडत नाही."

"ओवी आता धरून उभी राहते. दिसेल ते ओढते. रॅक भिंतीला पक्का कर आणि बरण्या खाली घे. तोवर मी तिला आणणार नाही."

फोन बंद. बारशानंतर आत्यानं नातीला मांडीवर घेतलेलं नव्हतं, आणि दिवाळी तोंडावर आलेली. मला फार वाईट वाटलं. आत्या मात्र काहीच झालं नाही अशा थाटात मिक्सरचं भांडं घासत बसली.

*

रॅक भिंतीला धरायचा, तर भिंत तरी धड पाहिजे ना! घर जुनं, विटा मातीत बसवलेल्या. मिस्त्रीनं भोक पाडून लाकडी गुटका ठोकला, तो मूठभर माती घेऊन बाहेर आला. मिस्त्री चिडला. त्यानं ड्रिलला लांब बिट लावून सगळा जोर दिला.

भिंतीपलीकडून दामूभाऊंचा शांत आवाज आला, "निकल आया, ताई. कॅलेंडरमधून."

मग त्यातूनच तोडगा निघाला. लांब बोल्ट आरपार घातले, भाऊंच्या बाजूनं लोखंडी पट्टी लावून नट कसले. रॅक आत्याकडे, त्याला धरणारी पट्टी भाऊंच्या स्वयंपाकघरात. मी खांब धरून जीव खाऊन ओढला. तसूभर हलला नाही. एवढं मोठं धूड, आणि गपगार उभं! भाऊ हल्ली त्या बोल्टला टोपी अडकवतात.

*

"आता बरण्या खाली घे," आतोबा म्हणाले. "बोल्ट रॅकला धरंल. बरणीला कोण धरणार?"

"खाली ठेवल्या तर येणारा-जाणारा हात लावंल. वर्षाचं लोणचं जाईल."

आतोबांनी विषय सोडला. त्यांना बायको माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर आत्या न्हाऊन, पदर खोचून स्टुलावर चढलेली. आतोबा स्टूल धरून उभे. एकेक बरणी छातीशी धरून ती उतरवत होती. मी हात पुढं केला तर डोळ्यांनीच मागं सारला. सगळ्या बरण्या सगळ्यात खालच्या फळीवर ओळीनं लागल्या. वरची फळी मोकळी बघून मला कसंसंच झालं.

"उज्ज्वलाला फोन लाव," ती म्हणाली. माझे डोळे भरलेले, मला नंबरच दिसेना.

*

धनतेरसला ओवी आली. दामूभाऊंनी आल्या आल्या तिच्या हातात केळं दिलं. आत्या रॅकपुढं पाटावर बसून लिंबाचं गोड लोणचं वाढायला काढत होती, बरणी उघडी. ओवी फळी धरत धरत आली आणि केळ्यानं बरबटलेला हात तिनं मनगटापर्यंत बरणीत घातला.

उज्ज्वला जागच्या जागी थिजली. आतोबांनी चष्मा काढून हातात घेतला.

आत्यानं त्या इवल्याशा हाताकडे बघितलं. मग चमचा बाजूला ठेवला, आपलं बोट तसंच बरणीत बुडवलं आणि ओवीच्या ओठांना लावलं. ओवीनं डोळे मिटले, सगळं तोंड वाकडं केलं, आणि हात पुन्हा आत घातला.

आत्यानं शेजारच्या बरणीचं फडकं सोडायला घेतलं.

"हिला मुरांबा जास्त आवडंल," ती म्हणाली.