ओहायोचा भाऊ

दोन हजार चारच्या नोव्हेंबरमध्ये आम्ही लंडनच्या स्टॅनमोर भागात नवे होतो. नवरा ट्रेनने ऑफिसला गेला की घरात मी आणि खिडकीबाहेरचं धुकं. शेजारी एक वयस्कर अमेरिकन बाई एकट्या राहायच्या. इंग्रज नवऱ्याबरोबर इकडे आलेल्या, तो गेल्यावरही इथेच राहिलेल्या. त्यांचा भाऊ तिकडे ओहायोत शेती करायचा. इराकच्या युद्धावरून दोघांचं बिनसलं होतं, फोनही बंद. भाऊ अमेरिकेच्या अध्यक्षांच्या बाजूचा, या कट्टर विरोधात. तिकडच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी यांनी आपलं मत पोस्टाने पाठवलं होतं.

त्यांच्या अबोल्याचं मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे निवडणूक आली की बाबा आणि काका एकमेकांशी फक्त आईमार्फत बोलायचे.

मतमोजणी सुरू असताना त्यांनी मला चहाला बोलावलं. टीव्हीवर लाल-निळा नकाशा होता आणि सगळं नेमकं ओहायोवर येऊन अडकलं होतं. "बघ, आमचंच राज्य," त्या पुटपुटल्या. त्यांनी आवाज बंद केला. माणसांचे ओठ नुसते हलत राहिले. बाहेर झाडं एकेक करून धुक्यात विरघळली. दिवेलागणीच्या सुमाराला पट्टी झळकली. त्यांच्या उमेदवाराने हार मानली होती.

"तुमचा भाऊ खूश असेल," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

त्यांनी कप बाजूला ठेवला. मग उठून त्यांनी नंबर फिरवला. मी निघणार, तर हातानेच बसायला सांगितलं.

"मी बोलतेय... हो, चिडलेय. खूप चिडलेय." थोडं थांबून म्हणाल्या, "मक्याची कापणी झाली का?"

त्यानंतर त्यांचा आवाज बदलत गेला. इतक्या वर्षांचं इंग्लंड त्यातून गळून पडलं, शब्द लांबट, सैल झाले. नदीला पाणी किती, कुंपण कुणी दुरुस्त केलं. दिवा कुणीच लावला नाही. मला वाटलं, ही खोली गल्लीतून सुटून कधी न पाहिलेल्या शेतांवरून अलगद तरंगत चाललीय.

वसंतात भाऊ आला. उंच, लाजरा, टोपी हातात धरून बोलणारा. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते आणि कुंपणापलीकडे दोघं जेवता जेवता त्याच युद्धावरून तावातावाने भांडत होती. कुणीच हरायला तयार नव्हतं. मध्येच त्या ओरडल्या, "बटाटा अजून घे!"